न्यू ऑर्लिन्स: क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माळकरी बाबांना घेऊन चार दिवस

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला असते. माझे बाबा, वय ७३, मिरजेहून आले आहेत आणि मार्चपर्यंत माझ्याकडे आहेत. त्यांनी एकतीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. लग्नाच्या वराती, गणपती, उरूस, पुढाऱ्यांची स्वागतं, सगळं. आता गुडघ्यांमुळे चालत वाजवणं बंद झालंय, पण रोज सकाळी अर्धा तास खोलीचं दार लावून वाजवतात. अमेरिकेत काय बघायचंय असं विचारलं तर नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही. म्हणाले, "ते बँडवाल्यांचं गाव कुठाय, तिथं ने." कुठल्याशा जुन्या रेकॉर्डवर त्यांनी ती वाजवणी ऐकली होती आणि गावाचं नाव डोक्यात राहिलं होतं.

तर न्यू ऑर्लिन्सला जायचं आहे. कार्निव्हलची मिरवणूक बघायची आहे आणि पारंपरिक जाझ जवळून ऐकायचं आहे. अडचणी तीन. बाबांना सलग पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. ते माळकरी आहेत, म्हणजे मांस-मासे-अंडी नाही आणि दारूच्या गुत्त्यात बसायला त्यांचं मन घेत नाही. आणि नेटवर जे वाचते त्यात सगळीकडे बर्बन स्ट्रीट आणि दारूच. चार दिवस आहेत, गाडीने येणार. कोणी तिथे राहिलेलं आहे का?

बायूकाठी

कृष्णाकाठची, मी राहिलेली आहे. २००८ ते २०२१, तेरा वर्षं, मिड-सिटीत, बायू सेंट जॉन या संथ ओढ्याच्या काठाला. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी होती. तुझ्या बाबांनी जे नाव दिलं ना, "बँडवाल्यांचं गाव", त्याहून नेमकं मी कधी ऐकलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. कार्निव्हल म्हणजे एक दिवस नव्हे. तो ६ जानेवारीला सुरू होतो आणि मार्डी ग्रा म्हणजे 'लठ्ठ मंगळवारी' संपतो. हा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, म्हणून दर वर्षी हलतो: २०२६ साली १७ फेब्रुवारी, २०२७ साली ९ फेब्रुवारी. शेवटचा शनिवार ते मंगळवार गर्दी एवढी असते की ७३ वर्षांच्या माणसाला, गुडघे दुखत असताना, मी तिथे नेणार नाही. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार धरा. शुक्रवार संध्याकाळपासून एकामागून एक मिरवणुका असतात, बघायला येणारी बहुतेक घरातली माणसं असतात, लहान मुलं शिडीला ठोकलेल्या लाकडी खुर्चीत बसलेली असतात, आणि खुर्ची टाकून बसायला जागा मिळते.

बसायचं कुठे? सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवर, नेपोलियन ॲव्हेन्यूच्या जवळपास. मोठ्या मिरवणुका फ्रेंच क्वार्टरच्या, म्हणजे जुन्या गावाच्या, अरुंद गल्ल्यांतून १९७२ नंतर जातच नाहीत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं आणि ते तिथल्या बर्बन स्ट्रीटवर वाट बघत राहतात. सेंट चार्ल्सच्या मधोमध ट्रामचे रूळ असलेला गवताचा पट्टा आहे. त्याला तिथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. तुम्ही मात्र फुटपाथच्या बाजूला बसा, मागे घरांच्या कुंपणांचा आधार मिळतो. घडीच्या खुर्च्या ह्यूस्टनहून गाडीत टाका. त्या रस्त्यावरची चर्च आणि शाळा थोडे पैसे घेऊन शौचालय वापरू देतात, आल्या आल्या ते कुठे आहे बघून ठेवायचं.

गाडीचं नीट ऐक. मिरवणुकीच्या रस्त्यावर आणि जवळपास ठरलेल्या वेळेआधी गाड्या उचलून नेतात. माझी पहिल्याच वर्षी नेली. पाटी होती, मी वाचली नव्हती. दुसरं म्हणजे रस्ता बंद झाला की मिरवणुकीचा मार्ग आणि मिसिसिपी नदी यांच्या मधला सगळा भाग कोंडला जातो. तिथले लोक त्याला 'बॉक्स' म्हणतात. बॉक्समध्ये गाडी अडकली तर शेवटचा चित्ररथ जाईपर्यंत हलायचं नाही. म्हणून मुक्काम अशा ठिकाणी घे की सेंट चार्ल्सला पायी पोचता येईल, आणि ते दोन दिवस गाडीला हातच लावू नको. स्वयंपाकघर असलेली जागा बघ, त्याचं कारण पुढे येईल.

आता मिरवणूक. लोक चित्ररथांकडे आणि वरून फेकल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळांकडे बघतात. तुझ्या बाबांना मात्र सांग, दोन रथांच्या मध्ये काय येतंय ते बघा. शाळांचे बँड! शंभर-शंभर, दीडदीडशे पोरं, पाच-सहा मैल चालत वाजवतात. सेंट ऑगस्टिन शाळेचा 'मार्चिंग हंड्रेड' आला की रस्त्यावरचे आजोबा टोपी काढून उभे राहताना मी पाहिलेत. या काळ्या मुलांच्या शाळेच्या बँडने १९६७ साली रेक्स या जुन्या मंडळाच्या मिरवणुकीत पहिल्यांदा वाजवलं, तोवर त्या मिरवणुकीत काळ्यांचा बँड नव्हता. रेक्स १८७२ पासून निघते. ९५ वर्षं लागली. जांभळा, हिरवा, सोनेरी हे जे तीन रंग गावभर दिसतील, ते रेक्सचेच.

बँड येण्याआधी तो पोटात येतो. आधी बास ड्रमचा दणका जमिनीतून पायाला लागतो, मग वळणावरून ट्रम्पेटची पितळ चमकते, आणि समोर आल्यावर सूझाफोनची, म्हणजे अंगाभोवती घालायच्या पितळी वाद्याची, ती मोठी तोंडं एकदम एका बाजूला वळतात. शेवटच्या रांगेच्या कडेने कुणाची तरी आई पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत असते. ती आई मला दर वर्षी दिसायची, दर वर्षी वेगळी.

रात्रीच्या मिरवणुकीत 'फ्लाम्बो' असतात, मशाली घेऊन नाचत चालणारे. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रथ उजळायला आधी गुलाम आणि मग मोलाने ठेवलेली काळी माणसं मशाली धरून चालायची. लोक त्यांना अजून नाणी आणि नोटा देतात. बाबांना वरातीतले डोक्यावर गॅसबत्ती घेतलेले लोक आठवतील. त्यांच्यासाठी सुट्टे डॉलर खिशात ठेव.

मिरवणूक एक बाजू झाली. तुझे बाबा खरे ज्यासाठी येतायत ते दुसरीकडे आहे.

प्रिझर्व्हेशन हॉल. फ्रेंच क्वार्टरमध्ये सेंट पीटर स्ट्रीटवर, क्रमांक ७२६. १९६१ पासून चालू. बाहेरून बघितलंस तर पुढे निघून जाशील, भिंतींचे पोपडे निघालेत, पाटी जुनी. आत एक खोली. रंगमंच नाही, माइक नाही, आणि बाबांसाठी महत्त्वाचं: आत दारू विकत नाहीत. लहान मुलांपासून सगळ्यांना प्रवेश. पाऊण तासाचा कार्यक्रम असतो आणि रोज अनेक होतात. तिकीट आधीच नेटवरून काढ, आणि राखीव बाकाचंच काढ. बाकीच्यांना जमिनीवरच्या उशीवर बसावं लागतं किंवा मागे उभं राहावं लागतं. कार्यक्रम चालू असताना फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुढच्या बाकावर होते. ट्रॉम्बोनची नळी लांब झाली की माझ्या गुडघ्याला लागेल असं वाटायचं. क्लॅरिनेटवाले आजोबा वाजवायच्या आधी रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली करत, डोळे मिटून, पायाने ठेका धरून बसले होते. मग जे सुरू झालं त्यात ट्रम्पेट मुख्य चाल वाजवतं, ट्रॉम्बोन खालून ढकलतं आणि क्लॅरिनेट त्या दोघांच्या भोवती वेलीसारखं चढत जातं. तिघंही एकाच वेळी, वेगवेगळं, आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. बाबांना हे सांगायची गरज नाही, त्यांना कळेलच. पण तुला कळावं म्हणून सांगितलं. ऐकताना एकदा फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा.

क्लॅरिनेटचंच अजून सांगते. त्या गावात क्लॅरिनेटचं घराणं होतं. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांनंतर किराणा घराणं वेगळं समजवावं लागत नाही, तसंच हे. तियो नावाचं मिश्रवंशीय क्रेओल कुटुंब: लोरेन्झो तियो, त्यांचा भाऊ लुई, आणि मुलगा लोरेन्झो ज्युनियर. स्वरलेखन, फुंक, बोटं, सगळं बसवून घेणारे शिक्षक. जॉनी डॉड्स, जिमी नून, बार्नी बिगार्ड ही मंडळी ज्युनियरकडे शिकली, आणि बिगार्ड पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात गेला. याच्या उलट जॉर्ज लुईस. स्वतःचं स्वतः शिकलेला, बंदरावर ओझी उतरवणारा हमाल. १९०० चा जन्म. चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि शेवटच्या वर्षांत तो याच प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये वाजवायचा. रात्री वाजवून सकाळी कामाला जाणारे बँडवाले तुझ्या बाबांनी आयुष्यभर पाहिले असतील. जॉर्ज लुईसची गोष्ट त्यांना आधी सांगून ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाझ संग्रहालय. जुन्या टांकसाळीची लाल इमारत आहे, एस्प्लनेड ॲव्हेन्यूच्या टोकाला. जाझचा प्रसिद्ध ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग लहानपणी ज्या कॉर्नेटवर, म्हणजे आखूड ट्रम्पेटसारख्या वाद्यावर, शिकला ते तिथे काचेत आहे. १९१२ च्या शेवटच्या रात्री या पोराने रस्त्यात पिस्तूल उडवलं, त्याला सुधारगृहात धाडलं, आणि तिथल्या बँडमध्ये तो नीट वाजवायला शिकला. कॉर्नेटच्या फुंकायच्या मुखाच्या कडेवर खाचा दिसतात त्या जवळून बघा. तिथे वरच्या मजल्यावर दिवसा कार्यक्रमही होतात, बसायला खुर्च्या असतात, आदल्या दिवशी वेळ बघून जा.

मग गाडीने आर्मस्ट्राँग पार्क, आणि तिथला काँगो स्क्वेअर. झाडाखाली गोल दगडी फरशी आहे, बघण्यासारखं "काही नाही" असं वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात रविवारी गुलामांना इथे जमायला, बाजार मांडायला, आपले ढोल वाजवायला परवानगी होती. अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी गुलामांच्या हातात ढोल राहू दिला नव्हता. या एका चौकात तो राहिला. बाबांना एका बाकावर बसवून एवढं सांग आणि दहा मिनिटं गप्प बस.

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास फ्रेंचमन स्ट्रीट, टांकसाळीपासून हाकेच्या अंतरावर. इथे बारच आहेत हे खरं. पण उन्हं उतरल्यावर कोपऱ्यावर पोरांचा ब्रास बँड उभा राहतो आणि रस्ताच मांडव होतो. घडीची खुर्ची तिथेही चालेल. बसून, शांतपणे ऐकायचं असेल तर स्नग हार्बरची संगीताची खोली वेगळी आहे. बर्बन स्ट्रीट एकदा सकाळी नऊला ओलांडा, पाण्याने धुतलेला असतो, तेवढं पुरे.

ट्राम सोडू नका. सेंट चार्ल्सची ही लाइन १८३५ पासून चालू आहे, अखंड चालू असलेली जगातली सर्वांत जुनी. हिरवे डबे १९२० च्या दशकातले, लाकडी बाकांची पाठ शेवटच्या थांब्यावर इकडून तिकडे फिरवतात. भाडं सव्वा डॉलर. मिरवणुकीच्या वेळी ती बंद असते म्हणून सकाळी लवकर जा, खिडकी उघडून बसा, आणि वर ओकच्या फांद्यांकडे बघा. गेल्या कित्येक वर्षांच्या माळा तिथे लटकलेल्या असतात.

खाणं. इथे माळकऱ्याचं कठीण आहे, ते स्पष्टच सांगते. सोमवारी गावभर राजमा-भात शिजतो, त्याला 'रेड बीन्स' म्हणतात, आणि दिसायला अगदी आपला. पण त्यात डुकराचं हाड किंवा सॉसेज असतंच. हिरव्या भाज्यांतही घालतात. 'मांस नाही' एवढं विचारून भागत नाही, 'शिजवताना घातलंय का' असं विचारायचं. गम्बो या तिथल्या रश्शाचा शब्द मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला, पण भेंडी असली तरी रस्सा मांसाचा किंवा कोळंबीचा. म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घे आणि भाकरीचं पीठ, लसणाची चटणी, डाळ घरून ने. बेन्ये हा पिठीसाखर घातलेला तळलेला चौकोनी पाव सगळे खायला सांगतील. घरगुती कृतीत त्यात अंडं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय बाबांना देऊ नको. कॅफे दू माँद १८६२ पासून आहे, तिथली चिकोरी घातलेली दुधाची कॉफी मात्र बाबांना खूप आवडेल, ती आपल्या कॉफीची बहीण आहे.

कबरस्तानं, दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय, नदीतली वाफेची बोट: चांगलं आहे सगळं, पण चार दिवसांत आणि या गुडघ्यांनी नको. नदी बघायची तर कॅफेसमोरून जिना-उतार आहे, बंधाऱ्यावर बाकं आहेत, फुकट आहे. तिथे बसल्यावर पाणी गावापेक्षा वर वाहतंय हे डोळ्यांना दिसतं. माझ्या शेजारणीच्या घराच्या भिंतीवर कटरीना वादळाच्या पुराच्या पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याएवढी. २९ ऑगस्ट २००५. घर रंगवलं, तेवढी रेघ तिने ठेवली होती.

म्हापशेकार

बायूकाठी यांनी सगळं लिहिलंय, मी फक्त दोन गोष्टी जोडतो.

पहिली, तारीख तीच आहे. गोव्यातलं कार्निव्हालसुद्धा त्याच मंगळवारी संपतं, कारण दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार आणि मग चाळीस दिवसांचा उपास. पणजीत त्याच्या आधीच्या शनिवारी कार्निव्हालचा राजा किंग मोमो येतो. म्हणजे तुमचे बाबा अमेरिकेत मिरवणूक बघतील त्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्याकडेही रस्त्यावर ट्रम्पेट असेल.

दुसरी, बाबांना चिक चॉकलेट यांच्याबद्दल सांगा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचे, माझ्या आजोळपासून दोन-तीन मैलांवर. मुंबईत त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, ट्रम्पेट तसंच धरत आणि तसेच हसत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, आणि त्या पिढीच्या गोव्याच्या पोरांनी हे संगीत रेकॉर्डवर आणि अशा वादकांच्या समोर बसून उचललं. चिक पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे. एकतीस वर्षं वरातीत वाजवलंय म्हणजे तुमच्या बाबांनी सी. रामचंद्रांची गाणी शेकडो वेळा वाजवली असणार. तेव्हा न्यू ऑर्लिन्सची एक धार त्यांच्या बोटांतून आधीच गेलेली आहे. माझे वडील चर्चच्या बँडमध्ये होते, म्हणून हे सांगायला आवडलं.

कृष्णाकाठची

दोघांचे मनापासून आभार. बायूकाठी, तुमचं लिहिलेलं सगळं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तियो घराण्याचा भाग दोनदा वाचायला लावला. म्हापशेकार, चिक चॉकलेट म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि क्लॅरिनेटवर चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांचीच, एक चाल वाजवली.

दोन प्रश्न उरलेत. बाबा क्लॅरिनेट सोबत न्यायचं म्हणतायत. न्यावं का? आणि रस्त्यावर सुरक्षित आहे का?

बायूकाठी

न्या की! गाडीने येताय, त्रास काही नाही. फक्त रात्री गाडीत ठेवू नका, थंडीने आणि दमटपणाने लाकूड तडकतं, आणि काच फोडून सामान नेण्याचे प्रकारही होतात. रस्त्यावरच्या बँडमध्ये आपणहून घुसायचं नाही. तीच त्यांची रोजची कमाई असते. बादलीत पाच-दहा डॉलर टाका, चित्रफीत काढायची असेल तर टाकल्याशिवाय काढू नका. थांबल्यावर बाबांनी पेटी दाखवली तर बोलणं आपोआप सुरू होईल. जुन्यांपैकी बऱ्याच जणांचं क्लॅरिनेट 'अल्बर्ट' पद्धतीचं असायचं, कळांची मांडणी वेगळी. बाबांचं कुठलं आहे ते त्यांना विचारून ठेव, तिकडे हा विषय निघाला तर तासभर पुरतो.

सुरक्षिततेचं: रात्री गर्दीच्या, उजेडाच्या रस्त्यावर राहा, नऊ-साडेनऊला परत या. कोणी येऊन म्हणेल, "तुमचे बूट तुम्हाला कुठे मिळाले ते मी पैजेवर सांगतो." हसून पुढे चालायचं. उत्तर "तुमच्या पायात, बर्बन स्ट्रीटवर" असं असतं आणि मग वीस डॉलर मागतात. फ्रेंच क्वार्टरचे फुटपाथ फार उंचसखल आहेत, विटा उचकटलेल्या आणि ओकची मुळं वर आलेली. गुडघ्याला ते चोरांपेक्षा जास्त धोक्याचे. काठी न्याच.

कृष्णाकाठची

परवा परत आलो, म्हणून धागा वर काढते आहे.

मुक्काम सेंट चार्ल्सपासून दोन चौक आत मिळाला. शुक्रवारी रात्री तीन तास खुर्चीवर बसून मिरवणूक पाहिली. मशालवाला समोर आला तेव्हा बाबांनी स्वतः उठून डॉलर दिला आणि त्याला नमस्कार केला. त्यानेही मान लववली. मला गळ्यात माळा पडल्याचा आनंद झाला होता, बाबा मात्र बँड मोजत होते. चौदा. कुठल्या बँडची क्लॅरिनेटची रांग सुरात होती आणि कुठली नव्हती ते अजून सांगतायत.

प्रिझर्व्हेशन हॉलबद्दल मला लिहिता येत नाही. बाक पुढचा मिळाला होता. बाबांनी पाऊण तास दोन्ही हातांची बोटं मांडीवर हलवत ठेवली होती, एवढंच सांगते.

रविवारी सकाळी जॅक्सन स्क्वेअरला, कॅथीड्रलसमोर, सात जणांचा बँड होता. क्लॅरिनेट नव्हतंच त्यात. बाबा बाकावर बसले आणि माझ्या लक्षात आलं की ते ट्रम्पेटकडे बघतच नाहीयेत. बास ड्रमवाल्याकडे बघतायत. त्याच्या ड्रमच्या वर एक झांज आडवी बसवलेली होती. उजव्या हातात गादी लावलेली काठी, डाव्या हातात साधा स्क्रूड्रायव्हर. काठीने ड्रम आणि स्क्रूड्रायव्हरने झांज, दोन्ही एकट्याने. बँड थांबल्यावर बाबांनी मला ओढतच त्याच्याकडे नेलं. मी भाषांतर करायला उभी राहिले, पण फारसं लागलं नाही. बाबांनी स्क्रूड्रायव्हरकडे बोट दाखवलं. त्याने तो बाबांच्या हातात दिला. टोक झिजून गुळगुळीत झालेलं होतं. तो म्हणाला, कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवूनही वाजवतात, त्याचे काका तसंच वाजवायचे. बाबांनी झांजेच्या कडेवर दोनदा हलकं वाजवून पाहिलं, मग मधल्या उंचवट्यावर एकदा, आणि मान हलवली.

मग पेटी उघडली. त्या माणसाने ट्रम्पेटवाल्याला खूण केली, त्याने विचारलं कुठल्या स्वरात, आणि बाबांनी एक सूर लांब धरून उत्तर दिलं. एकच गाणं, त्यांचं, संथ चालीचं. पहिल्या वेळी बाबा गप्प होते, दुसऱ्या फेरीला मागून, अगदी हळू शिरले. मी चित्रफीत काढायला विसरले. बादलीत पैसे टाकायला विसरले नाही.

गाडीत बसल्यावर आचाफालाया दलदलीवरचा तो लांब पूल येईपर्यंत बाबा बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं ढोलाला एक आणि झांजेला एक, दोन माणसं लागत. हे एकात भागवतात. एक माणूस कमी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार पैसे जास्त." थोड्या वेळाने परत म्हणाले, "पण झांजवाल्याचं काय होत असेल?"

बायूकाठी, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय.